मानेतली सुई गेली नाही, म्हणून ऑपरेशन सोडायचं का?

पत्राचा सारांश: निपाणी तालुक्यातल्या एका गावातून एका सुनेनं हे पत्र लिहिलं आहे. सासूबाईंचं वय ७४, वजन ३८ किलो. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. वर्षभर चार पावलं चाललं की दम लागतो आणि दोनदा चक्कर येऊन पडल्याही. हृदयातून महाधमनीकडे उघडणारी झडप फार अरुंद झाल्याचं तपासणीत निघालं. बेळगावातल्या एका रुग्णालयात झडप बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी मानेतल्या शिरेत नळी घालायला तीनदा टोचलं, ती गेली नाही. मान सुजून काळीनिळी झाली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं. "जरा ताकद येऊ दे, तीन आठवड्यांनी या," असं सांगून घरी पाठवलं. थोरले दीर म्हणतात, डॉक्टर शिकाऊ होता, पुण्याला हलवू. नणंद म्हणते, देवानंच थांबवलंय, आता आईला सुखानं राहू दे. मानेत सुई सोसली नाही तिथं छाती उघडलेली कशी सोसेल? आल्यागेल्यांपैकी कुणी "सुनेनं नीट खायला घातलं नाही" असंही बोलून गेलं. सासूबाई काहीच बोलत नाहीत, मानेवरून पदर घेऊन बसतात. सुनेचा प्रश्न असा: आई ऑपरेशन सोसतील का, चूक कुणाची, आणि आता आम्ही काय करावं?

ताई,

बाकी सगळं बोलण्याआधी सासूबाईंच्या मानेचं बघू. रोज एकदा पदर बाजूला करून उजेडात मान पाहा. काळा डाग हिरवा-पिवळा होत खाली छातीकडं उतरत असेल तर घाबरू नका; साकळलेलं रक्त असंच जिरतं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. पण सूज वाढत असेल, आवाज बसला, घास गिळताना अडला, ताप आला, हातातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. अशा वेळी दिलेल्या तारखेची वाट बघायची नसते.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळते. तुमच्या घरात तीन मतं आहेत असं तुम्ही लिहिलंत. मला मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत दिसते: सुई गेली नाही म्हणजे कुणीतरी कमी पडलं. दीर म्हणतात डॉक्टर कमी पडला, नणंदेला वाटतं आईचं शरीर कमी पडलं आणि येणारेजाणारे तुमच्यावर बोट ठेवतात. हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षं काढली आहेत. ही नळी घालणं हे आम्हा भूलतज्ज्ञांचंच काम. त्या अनुभवावरून सांगते, सुई न जाणं आणि ऑपरेशन न सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा एकमेकींशी थोडा संबंध आहे, पण तुमच्या घरानं धरलाय तसा नाही.

ही नळी, जिला रुग्णालयात सगळे सेंट्रल लाइन म्हणतात, ती कशासाठी लागते हे तुम्हाला कुणी सांगितलं नसावं. हातातल्या सलाईनची शीर बारीक असते. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये आणि नंतर आयसीयूत बीपी धरून ठेवायला जी जालीम औषधं लागतात, ती हाताच्या शिरेतून बाहेर झिरपली तर तिथली कातडी जळते. म्हणून ती हृदयाच्या अगदी जवळच्या मोठ्या शिरेत सोडावी लागतात. रक्त एकदम द्यायची वेळ आली, हृदयाकडं परत येणाऱ्या रक्ताचा दाब मोजायचा झाला, तरी हीच वाट. मानेच्या उजव्या बाजूची शीर जवळजवळ सरळ रेषेत हृदयाकडं उतरते, त्यामुळं आम्ही बहुतेक वेळा तीच निवडतो. आधी सुई, सुईतून बारीक तार, मग तारेवरून नळी. स्वीडनच्या सेल्डिंगर नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली सांगितलेली ही रीत आजही तशीच चालते. यातल्या कुठल्याही पायरीला अडू शकतं. कधी शीर सापडत नाही, तर कधी सुई शिरेत जाते पण तार पुढं सरकत नाही.

आणि सासूबाईंसारख्या बाईच्या बाबतीत ते अडण्याची कारणं एकावर एक साठत जातात. शीर रक्तानं भरलेली असेल तरच ती सुईला थारा देते. अंगात पाणी कमी असलं की ती मळ्यात पाणी न सोडलेल्या पाइपासारखी चपटी पडते, आणि सुईच्या नुसत्या दाबानं तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात. आता आठवून बघा. आदल्या रात्रीपासून त्या उपाशी होत्या. दम लागतो म्हणून लघवीच्या गोळ्या चालू असतील. आणि वॉर्डात रात्री संडासाला कुणाला उठवायचं या संकोचानं आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका संध्याकाळपासूनच पाणी तोडतात, हे मी कायम बघत आले. नंबर सकाळचा नसून दुपारचा असेल तर आणखी वाईट. त्यात वयानं आणि वजन उतरल्यानं मानेचे स्नायू आटलेले, कातडी सैल, शीर सुईपुढं सरकते. मणके झिजून पाठीला पोक आलं असेल तर मान मागं टेकत नाही, एका बाजूला पुरेशी वळत नाही. आणि मान जास्त वळवली तर ती शीर शेजारच्या धमनीवर चढून बसते, म्हणजे धमनीलाच टोचायची भीती. शीर फुगावी म्हणून टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. ज्या बाईला घरी दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, तिला त्या अवस्थेत, तोंडावर हिरवं कापड घालून, जागेपणी निजायला लावलं तर तिचा जीव घाबरा होणारच. दम लागलेलं माणूस जोरजोरात श्वास ओढतं, आणि प्रत्येक मोठ्या श्वासाबरोबर मानेतली शीर आणखी मिटते.

यातली निम्मी कारणं बदलता येतात. नणंदेला हे जरूर सांगा. त्यांच्या श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, आपल्याकडं देवाला कौल लावल्याशिवाय मोठं काम कुणी हाती घेत नाही. पण मानेतली शीर चपटी होती, यावरून हृदय काय सोसेल ते कळत नाही. कळतं ते इतकंच, की त्या सकाळी त्या बाईच्या अंगात पाणी पुरेसं नव्हतं किंवा तिला नीट निजता येत नव्हतं. हृदय आणि फुप्फुसं काय सोसतील याच्या तपासण्या वेगळ्या असतात.

आता डॉक्टरांबद्दल. त्या दिवशी नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळं हात कुणाचा होता, किती सराईत होता, यावर बोलणार नाही. थांबण्याच्या निर्णयावर मात्र बोलेन. एका प्रयत्नात नळी जाते तेव्हा जितके अपघात होतात, त्याच्या सहापट तीन किंवा जास्त प्रयत्नांनंतर होतात, हे वैद्यकीय अभ्यासांतून ठाऊक झालेलं आहे. म्हणून दोन-तीनदा जमलं नाही की दुसऱ्यानं हात घालावा, बाजू बदलावी, नाहीतर थांबावं, अशी शिस्त असते. हृदयाच्या ऑपरेशनला तर आणखी एक मोठं कारण आहे. ऑपरेशन चालू असताना हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या हृदय-फुप्फुस यंत्रावर घेताना हेपॅरिन देऊन अंगातलं सगळं रक्त न गोठणारं करतात. मानेत धमनीला टोच लागून रक्त साकळलेलं असताना ते औषध दिलं, तर मानेतला गोळा वाढून श्वासनळी दाबू शकतो. टेबलावर घेतलेला पेशंट ऑपरेशन न करता परत पाठवणं कुठल्याही सर्जनला जड जातं. नातेवाईक चिडतात, थिएटरचा दिवस वाया जातो. तरीही ज्यांनी ते केलं, त्यांनी सासूबाईंचा विचार आधी केला असं मी म्हणेन. माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे: का थांबलो हे तुम्हाला समजेल अशा भाषेत बसून कुणी सांगितलं नाही. तेवढं झालं असतं तर घरात आज ही भांडणं नसती.

म्हणून पुढच्या भेटीत पहिलं काम हे करा. त्या दिवशी काय झालं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. कुठल्या बाजूला टोचलं, किती वेळा, सोनोग्राफी लावून की हाताच्या अंदाजानं, धमनीला लागलं का, शीर सापडली नाही की तार अडली. हे चार ओळींचं टिपण पुढच्या भूलतज्ज्ञाला, मग तो बेळगावचा असो की पुण्याचा, सोन्यासारखं उपयोगी पडतं. ते मागणं म्हणजे डॉक्टरांवर संशय घेणं नव्हे. हा तुमचा हक्क आहे, आणि चांगला डॉक्टर ते आनंदानं देतो.

सोनोग्राफीचं थोडं अधिक सांगते. मानेवर सोनोग्राफीचा दांडा ठेवून शीर आणि धमनी पडद्यावर बघत सुई घालणं, हीच आता चांगली पद्धत मानली जाते. उपचार कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इंग्लंडच्या 'नाइस' या राष्ट्रीय संस्थेनं २००२ सालीच तशी शिफारस केली होती. आपल्याकडं गर्भलिंगनिदान रोखण्याच्या १९९४ च्या कायद्यामुळं प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, ते इकडून तिकडं सहज नेता येत नाही, त्यामुळं काही ठिकाणी थिएटरात ते वेळेवर हाताशी नसतं. तुम्ही आधीच विचारा: "या वेळी सोनोग्राफी लावून करणार ना? आणि आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या शिरा एकदा बघून ठेवाल का?" एका बाजूची शीर बारीक किंवा जुन्या गुठळीनं बंद निघाली तर दुसरी बाजू, गळपट्टीच्या हाडाखालची शीर, नाहीतर जांघेतली शीर असे मार्ग असतात. अगदी बारीक अंगाच्या माणसाला गळपट्टीखाली टोचताना फुप्फुसाला लागण्याचा धोका जास्त, म्हणून तिथं जपून. यंत्र लावलं की सगळं सोपं होतं असं मात्र समजू नका. चपटी शीर पडद्यावरही चपटीच दिसते, म्हणून पाण्याचा प्रश्न उरतोच. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. सासूबाईंना किती वेळ आधीपर्यंत चालेल, लघवीची गोळी त्या सकाळी द्यायची का, आणि त्यांचा नंबर पहिला लावता येईल का, हे तीन प्रश्न भूलतज्ज्ञांना विचारा. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, अरुंद झडपेत पाणी जास्त झालं तरी त्रास होतो. आणि डोकं खाली करून निजवल्यावर आईंना किती घाबरल्यासारखं झालं तेही सांगा. टेबल कमी झुकवता येतं, तोंडावरचं कापड उचलून धरता येतं, कधी भूल दिल्यावरही ही नळी घालतात. त्यांनी ते सोसलं आणि गप्प राहिल्या, म्हणून पुन्हा तसंच सोसावं असं काही नाही.

आता तुमचा सगळ्यात कठीण प्रश्न: त्या ऑपरेशन सोसण्याइतक्या उरल्या आहेत का?

वजन बघून हे ठरत नाही. ३८ किलोची काटक बाई असते आणि ८० किलोचा आतून पोखरलेला माणूसही असतो. आम्ही ज्याला फ्रेल म्हणतो तो माणूस म्हणजे ज्याच्या शरीरातला राखीव साठा संपत आला आहे. एरवी चालून जातं, पण एखादा ताप, एखादं पडणं, एखादं ऑपरेशन आलं की सावरायला काही उरत नाही. २००१ साली ठरलेल्या एका मोजमापात पाच गोष्टी बघतात: वर्षभरात आपोआप साडेचार किलो किंवा जास्त वजन उतरलं का, सारखं दमल्यासारखं वाटतं का, हालचाल कमी झाली का, चाल मंदावली का, हाताची पकड ढिली झाली का. तीन किंवा जास्त लागू झाल्या तर माणूस फ्रेल. यातली चाल तुम्ही घरीच बघू शकता. सोप्यात पाच मीटर अंतर खडूनं आखा, आईंना नेहमीच्या चालीनं चालू द्या, काठी घेत असतील तर काठीसह, एकानं बाजूला हाताच्या अंतरावर राहायचं आणि एकानं मोबाइलवर वेळ लावायची. सहा सेकंद किंवा जास्त लागले तर चाल मंद. हृदयाच्या ऑपरेशनला आलेल्या वयस्कर माणसांत ही मंद चाल असली की नंतरचा धोका वाढतो, हे दिसून आलेलं आहे. चक्कर वाटली तर लगेच बसवा, आणि हा आकडा डॉक्टरांना सांगा. त्यावरून तुम्ही घरी निकाल लावायचा नाही. यात एक गुंता असा, की आईंचा थकवा आणि मंद चाल काही प्रमाणात त्या झडपेमुळंच असणार. झडप सुधारली की काहींची ताकद परत येते, काहींची येत नाही. आईंचं काय होईल असं वाटतं, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

तुमच्या खाऊ घालण्यावर बोललेल्यांचं मनाला लावून घेऊ नका. हृदय इतकं आजारी असताना शरीर आपसूक वाळतं, भूक मरते, घासागणिक दम लागतो. त्यावर रक्त कमी असणं, दात पडलेले किंवा दुखणारे असणं, थायरॉइड, मनाची उदासी, हे सगळं असू शकतं. आईंचं हिमोग्लोबिन किती आहे ते रिपोर्टात बघा. लोह कमी असेल तर ते शिरेतून भरून ऑपरेशनपर्यंत सुधारता येतं. झडप बदलण्याआधी दात तपासून घ्यायचेच असतात, कारण किडक्या दातातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडं आत्ताच जाऊन या.

डॉक्टर "ताकद येऊ दे" म्हणाले म्हणून घरातले आईंना दिवसभर अंथरुणावर ठेवत असतील, असं मला वाटतं. म्हाताऱ्या माणसाच्या पायातली ताकद अंथरुणावर फार झपाट्यानं जाते. इतकी अरुंद झडप असताना जिने चढणं, भराभर चालणं मात्र धोक्याचं, म्हणून किती चालायचं ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. त्यांनी परवानगी दिली तर सोप्यात थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचा सराव. श्वास ओढून आतले छोटे चेंडू वर चढवायचं छोटं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं, ते शिकवून घ्या. जन्मभर तंबाखूची धूळ ओढलेल्या फुप्फुसांना त्याची फार गरज आहे. आणि मिसरी. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख केला नाहीत, पण आपल्या भागातल्या त्या वयाच्या बाईच्या पदराला मिसरीची डबी नसेल तर मला नवल वाटेल. ती तंबाखूच आहे, आणि ती भूकही मारते. रागावून डबी फेकू नका, आईंना कारण सांगा.

खाण्याचं साधं गणित करू. ऑपरेशनआधी अशा माणसाला वजनाच्या दर किलोमागं साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं रोज मिळावीत, म्हणजे आईंना ४७ ते ५७ ग्रॅम. चालत असतील तर दोन अंडी, त्यातून १२ ग्रॅम. दोन पेले दूध, १२ ते १४. दोन वेळची वाटीभर घट्ट आमटी किंवा हुलग्याची, मटकीची उसळ, आणखी १२ ते १४. मूठभर शेंगदाण्याचं कूट, सात. राहिलेलं भाकरीतून येतं. एकदम ताटभर वाढलं तर त्या दमतील, सहा वेळा थोडं थोडं द्या. चावता येत नसेल तर नाचणीच्या आंबलीत दूध, भाकरी आमटीत कुस्करून. लोणचं, पापड, खारट चटणी बाजूला. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि या तीन आठवड्यांत उपवास नकोत. देवीचा मंगळवार-शुक्रवार त्यांच्याऐवजी घरातलं दुसरं कुणी धरेल.

तीन आठवड्यांत त्या धडधाकट होणार नाहीत, हे मी लपवत नाही. शरीराचा तोल थोडा आपल्या बाजूला झुकेल, इतकंच. आणि वाट बघायलाही मर्यादा आहे. ही झडप औषधानं उघडत नाही. दम आणि चक्कर सुरू झाल्यावर ती तशीच ठेवली तर सरासरी आयुष्य दोन-तीन वर्षांचं उरतं, आणि त्यातला पुष्कळ काळ त्रासाचा जातो. "सुखानं राहू दे" म्हणताना नणंदेच्या डोळ्यांसमोर जे सुख आहे, ते झडप तशीच ठेवून मिळेलच असं नाही, हे त्यांना हळुवारपणे सांगावं लागेल.

दिरांचं पुण्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. इतक्या मोठ्या निर्णयाला दुसरं मत घ्यावं. फक्त आईंना घेऊन आधी गाडी काढू नका. इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) सीडी, अँजिओग्राफी, रक्ताचे रिपोर्ट आणि ते चार ओळींचं टिपण घेऊन दीर एकटे जाऊन येऊ शकतात, किंवा कागद पाठवून फोनवर बोलता येतं. त्या शिरा पुण्यातही त्याच असणार. तुम्हाला बेळगाव ७५ किलोमीटर तर कोल्हापूर ४० पडतं, तेव्हा ऑपरेशननंतर महिनोन्महिने तपासणीला कुठं जाता येईल हेही धरा. पैशाचं म्हणाल तर कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलं. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे ऑपरेशन त्यात बसतं का, आणि त्या रुग्णालयात आज प्रत्यक्ष कार्ड चालतं का, हे तिथं योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी पक्कं करा.

दुसरं मत घेताना एक प्रश्न आवर्जून विचारा: छाती न उघडता जांघेतल्या धमनीतून नवी झडप बसवता येईल का? छाती न उघडता झडप बसवण्याच्या या पद्धतीला टावी म्हणतात. फ्रान्समध्ये २००२ साली डॉ. अलँ क्रिबिए यांनी ती पहिल्यांदा माणसावर केली आणि आज वयस्कर, अशक्त पेशंटांसाठी ती जगभर वापरली जाते. हृदय-फुप्फुस यंत्र लागत नाही, अनेकदा पूर्ण भूलही लागत नाही. ती सगळ्यांना जमत नाही. आधी सीटी स्कॅन करून झडपेचं माप आणि धमन्यांची वाट बघावी लागते. खर्च काही लाखांचा, आणि योजनेतून किती मिळेल ते विचारूनच कळेल. परवडणार नाही म्हणून विचारायचंच नाही, असं मात्र करू नका.

एवढं सगळं वाचलंत, त्यात एका माणसाचं मत कुठंच आलं नाही. तुमच्या पत्रातही ते नव्हतं. आई गप्प बसतात असं तुम्ही लिहिता. त्या गप्प का आहेत हे त्यांना कुणी विचारलंय का? त्यांना त्या टेबलाची भीती बसली असेल. आपल्यामुळं लेकरांचा पैसा जातोय याची लाज वाटत असेल. कदाचित त्यांना ऑपरेशन हवंच असेल आणि लेक नको म्हणते म्हणून त्या बोलत नसतील. एका दुपारी घरात कुणी नसताना तुम्हीच जवळ बसा. "ऑपरेशन करायचं का?" असं एकदम विचारू नका. आधी विचारा, त्या दिवशी तिथं काय झालं, कशाची भीती वाटली. मग विचारा, आता काय करता येत नाही याचं जास्त वाईट वाटतं. कुणी म्हणेल देवळापर्यंत चालत जाता यायला हवं, कुणी म्हणेल नातवाचं लग्न बघायचंय, कुणी म्हणेल मला आता रुग्णालयात मरायचं नाही. त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून डॉक्टरांपुढं ठेवा आणि विचारा, "हे ऑपरेशन केलं तर यांना हे मिळण्याची शक्यता किती?" अशक्त माणसासाठी हाच खरा प्रश्न. जीव वाचला पण पुढं कायमचं अंथरूण धरलं, हे त्यांना चालणार आहे का, तेही त्यांच्याकडूनच कळेल.

हे बोलणं मराठीत व्हायला हवं. तुम्ही कन्नड आणि इंग्रजी कागदांवर सही केलीत, काय लिहिलंय ते कळलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. सीमाभागातल्या कितीतरी घरांची ही गोष्ट आहे. बेळगावच्या रुग्णालयांत मराठी समजणारी नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर हमखास असतात. "संमतीचा कागद आम्हाला मराठीत वाचून, समजावून सांगा, मगच सही करतो," असं शांतपणे म्हणा. त्यात मानेतल्या नळीचे धोके काय लिहिलेत तेही विचारा. ऑपरेशननंतरही भाषेचं भान ठेवा. आयसीयूत म्हाताऱ्या माणसाचं चित्त भ्रमतं, त्यात आजूबाजूला न समजणारी भाषा असली की ते आणखी बिथरतं. तुम्हाला किंवा नणंदेला दिवसातून दोन-तीनदा आत जाऊन बोलू द्या अशी परवानगी आधीच मागा, चष्मा जवळ ठेवायला सांगा, आणि तहान लागली, दुखतंय, लघवीला जायचंय असे शब्द मराठी-कन्नड दोन्हींत एका कागदावर लिहून नर्सकडं द्या.

आणि सगळं समजून घेतल्यावर आई नको म्हणाल्या तर? तर तो त्यांचा अधिकार आहे, नणंद जिंकली आणि दीर हरले असा त्याचा अर्थ लावू नका. नको म्हटल्यावरही उपचार थांबत नाहीत. दम कमी करणारी औषधं, अंगातल्या पाण्याचा तोल, रात्री जीव घाबरा झाला तर गावाजवळ कुठल्या डॉक्टरांना बोलवायचं, घरी ऑक्सिजन लागेल का, हे त्याच हृदयरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. त्या हो म्हणाल्या तर पुढच्या वेळी भरती होण्याच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना भेटल्याशिवाय वॉर्डात झोपू नका. ते टिपण, पाच मीटर चालीचा आकडा, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि आईंचं म्हणणं, हे चारही कागद त्यांच्या हातात द्या. नणंदेलाही सोबत न्या. त्यांच्या मनातला प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावा.